हेडमास्तरांची कवळी

लवंग धरलीयस ना दाढेखाली? धर तशीच. बोलू नकोस. दुखणं काही थांबणार नाही, पण तुझं तोंड तरी बंद राहील आणि मला सांगता येईल. आणि तू रे, एवढा भाऊ म्हणून उशाशी बसलायस, तो दिवा जरा लांब ठेव. डोळ्यांवर येतोय तिच्या.

हे घाबरवायला सांगत नाही. नाहीतर उद्या तुमची आई माझ्याशी भांडायला येईल. हे माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलंय, आणि शेवटी मी स्वतः तिथे उभा होतो.

दोस्त कवळ्या करायचा. डॉक्टर माप पाठवायचे, हा घराच्या पुढच्या खोलीत बसून कवळी घडवायचा. सगळे त्याला कारागीर म्हणायचे. आयुष्यभर लोकांना दात पुरवले, पण स्वतःची दाढ किडली तेव्हा डॉक्टरांच्या खुर्चीत बसायची छाती होईना. का, तर म्हणे, "एक काढला की बाकीचे हलायला लागतात. मी रोज बघतो ना. शेवटी सगळे माझ्याकडेच येतात." आता या वेडेपणाला काय म्हणायचं? पण त्याची भीती खरी होती. रात्री आरशासमोर उभं राहून एकेक दात हलवून बघायचा.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गाल सुजलेला, गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं, कामं तुंबलेली. त्यातच हेडमास्तरांची कवळी होती. आमच्या शाळेचे हेडमास्तर, निवृत्त होऊन जमाना झाला होता. कवळीला तडा गेला म्हणून त्यांनी दुरुस्तीला पाठवली होती, आणि याने आज करतो, उद्या करतो म्हणत ती तशीच ठेवली होती. तोवर बिचारे पातळ काहीबाही पिऊन दिवस काढत होते.

त्या रात्री नऊनंतर त्यांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." मग जरा थांबून म्हणाली, "कवळी झाली असली तर आणता का? सकाळी नेणार आहेत. चेहरा त्यांचा वाटतच नाही हो."

कारागिराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कवळी झालीच नव्हती. तो तसाच ठणकत्या डोक्याने कामाला बसला, तडा सांधला, घासून गुळगुळीत केला, आणि पावणेबाराला मास्तरांच्या घरी पोहोचला.

घरात माणसं होती, पण सगळी दमून जिथे जागा मिळाली तिथे आडवी झालेली. मुलगी त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. मास्तरांच्या हनुवटीला कापड बांधलं होतं. ती म्हणाली, "माझ्याच्याने नाही होणार. तुम्हीच बसवा." आणि दाराशी स्टुलावर बसली. बसली ती भिंतीला डोकं टेकून लगेच झोपलीच. किती रात्री जागली होती कोण जाणे.

याने कापड सोडलं. वरची बसवली, खालची बसवली. गाल भरले. मास्तर पुन्हा मास्तर दिसायला लागले. झालं होतं काम. तेव्हाच उठायला हवं होतं.

पण हाताची सवय. कवळी सांधली की दातावर दात नीट बसतोय का ते बघावं लागतं. त्यासाठी निळ्या, मेणकट कागदाची पट्टी असते. ती दातांमध्ये ठेवायची आणि माणसाला चावायला सांगायचं. जिथे जास्त दाब पडतो तिथे निळा ठिपका उमटतो. तेवढं कानशीने घासायचं. कारागिराचा हात झोपेतच खिशात गेला. त्याने पट्टी ठेवली आणि रोज सगळ्यांना म्हणतो तसं म्हणाला, "हां, चावा."

टक.

त्याच्या लक्षातही आलं नाही. कवळी काढून बघितली, ठिपका होता, दोनदा कानस फिरवली, परत बसवली. नवी पट्टी. "चावा."

टक.

"आता लागत नाही ना कुठे?" त्याने विचारलं.

आणि मग त्याला कळलं, आपण कोणाला विचारतोय.

मास्तर तसेच होते. डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती. पट्टी दातांत...

या वेळी त्याने 'चावा' म्हटलंच नव्हतं.

टक.

आणि याच्या स्वतःच्या दाढेत कळ गेली. थेट कानापर्यंत.

टक. पुन्हा कळ.

पळून जावंसं वाटलं त्याला. पण पोरांनो, घाबरायलाही अंगात जोर लागतो, आणि तो त्याच्यात उरला नव्हता. तो बसूनच राहिला. हळूच म्हणाला, "मास्तर, उशीर झाला माझ्याकडून. चुकलं."

दाराशी मुलीचा श्वास, तेवढाच आवाज.

मग त्याच्या हनुवटीला काहीतरी लागलं. गार. बोटं होती. धरलं ते हळुवार. तो स्वतः गिऱ्हाइकाला धरतो, तसंच.

त्याने डोळे घट्ट मिटले.

तोंड उघडलं. आपोआप.

जिभेला मेणकट चव लागली... कागदाची.

चावा, असं कोणी म्हणालं नाही.

तो चावला.

सकाळी मुलीने त्याला हलवून उठवलं. मास्तर शांत झोपल्यासारखे दिसत होते. "बाबांसारखे दिसतायत," एवढंच म्हणून ती रडली. मास्तरांना पोचवून आल्यावर कारागीर सरळ माझ्या दारात आला. "चल माझ्याबरोबर डॉक्टरांकडे. एकट्याने जाववणार नाही." वाटेत त्याने मला हे सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, जागरणाने डोकं फिरलंय याचं.

रविवार होता, पण कारागीर त्यांचाच माणूस, म्हणून डॉक्टरांनी दवाखाना उघडला. खुर्चीत त्याने माझा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. दाढ निघाली. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस काढले असतेत तर पू जबड्याच्या हाडात उतरला असता. जिवावर बेतलं असतं. आजच यायची बुद्धी कशी झाली?"

कारागिराच्या तोंडात कापूस होता. त्याने नुसती मान हलवली.

डॉक्टरांनी दाढ चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली. मग थांबले. पुन्हा फिरवली. मला म्हणाले, "हे बघा जरा."

मी बघितलं. मुळाच्या अगदी टोकाला निळा ठिपका होता. ते टोक हिरडीच्या खाली, हाडात रुतलेलं असतं. तिथे कागद पोहोचायला वाटच नाही.

तो निळा रंग थुंकीनेही जातो. डॉक्टरांनी कापूस ओला केला आणि ठिपका पुसला. मग जोर लावून पुसला. मग दुसरा बोळा घेतला...

कापूस पांढराच राहिला.