वळणावर उभी राहा जरा

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला कुणाला पटवायचं नाही. पण आमची आत्या थापा मारणाऱ्यातली नव्हती, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि हो, रात्रबित्र नव्हती. भर दुपार. रविवार. खाली आत्याचं शिवणकामाचं दुकान, मागे तिची झोपायची खोली, आणि वर माळा.

माळ्यावर काकांचा ट्रॅक होता.

काका म्हणजे आत्याचे यजमान. जन्मभर शाळेची बस चालवली. मग सुट्टीच्या दिवशी माणसानं काय करावं? तर तळहाताएवढ्या गाड्या पळवायच्या! टेबलं जोडून माळाभर काळा ट्रॅक मांडलेला. ट्रॅकला खाच, गाडीच्या पोटाखालची खुंटी त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांतून वीज. हातात बंदुकीसारखा घोडा असलेला कंट्रोलर. घोडा दाबला की गाडी सुसाट. वळण आलं की सैल सोडायचा. नाही सोडला तर गाडी उडून थेट जमिनीवर.

आता गाडीच्या पोटाला चुंबक लावता येतं. ते पट्ट्यांना धरून राहतं, मग वळणावर हात सैल नाही केला तरी चालून जातं. काकांचा मित्र चष्मेवाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक, तो चुंबकवाला. काका कट्टर बिनचुंबकवाले. नवी गाडी आणली की आधी चुंबक उपटून काढायचं, मग बाकीचं.

"चुंबक लावून चालवायची तर रेल्वे चालव ना," काका म्हणायचे.

"आणि तू गाडी चालवतोस कुठे? तुझी निम्मा वेळ जमिनीवर असते!"

ते खरं होतं. आणि ती उचलायची कुणी?

आत्यानं!

दोघांचा नियमच होता. लांबच्या वळणावर एका माणसानं थांबायचं आणि पडलेली गाडी परत खाचेत बसवायची. चालवणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. घरात तिसरं माणूस एकच. "अगं, वळणावर उभी राहा जरा!" अशी वरून हाक आली की आत्या हातातलं शिवण घेऊन जिना चढायची. तिथे तिच्यासाठी एक खुर्ची होती. टाके घालत बसायची. गाडी पडली की बसवायची. उपटलेली चुंबकं तेवढी तिच्या वाट्याला, दुकानात सांडलेल्या टाचण्या गोळा करायला.

"मेल्यावर तरी झोपू द्या रे मला," म्हणायची. आम्ही हसायचो.

मग काकांनी अंथरूण धरलं ते धरलंच. आत्या दिवसा मशीनवर, रात्री त्यांच्या उशाशी. पाणी दे. कूस बदल. उशी वर घे. डोळ्याला डोळा म्हणून नाही. काका गेले तेव्हा ती खूप रडली. आणि मग माझ्या आईला हळूच म्हणाली, "वहिनी, वाईट दिसेल, पण मला आता फक्त झोपायचंय गं."

त्या रविवारी ती जेवून आडवी झाली. डोळा लागतोय न लागतोय तोच...

ऊंऽऽऽ...

वरून.

ती तशीच पडून राहिली. इतक्या वर्षांत तिला खालूनच कळायचं, वर कोण चालवतंय ते. चुंबकवाल्याचा आवाज एकसुरी, नाकासमोर चालणारा. काकांचा वळणावळणाला उतरायचा, पुन्हा चढायचा.

आवाज उतरला...

चढला...

मग, टक्.

शांत.

तीही शांतता तिच्या ओळखीची होती. घोड्यावर बोट ठेवून, वळणाकडे बघत, माणूस थांबलेला असतो तेव्हाची.

आत्या उठली. जिना चढली. वायर सॉकेटमधून काढून ठेवलेली. कंट्रोलर भिंतीवरच्या खुंटीला. आणि लांबच्या वळणाखाली जमिनीवर काकांची लाल गाडी, उलटी पडलेली...

चाकं अजून फिरत होती.

आत्याला भीती वाटायला हवी होती. तिला आला तो वैताग.

"अहो, आता तरी!" ती मोठ्यानं म्हणाली. गाडी उचलली, खाचेत बसवली, खाली येऊन पडली.

ऊंऽऽऽ...

मग रविवारचं रोजचं झालं. एकदा तिनं हट्टानं जायचं नाही असं ठरवलं. कानावर उशी दाबून पडली. वर काहीच आवाज नाही. कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग...

फरशीवर खुर्ची सरकली.

तिची खुर्ची. कुणीतरी तिच्यासाठी नीट करून ठेवत होतं.

शेवटी तिनं चष्मेवाल्याला सांगितलं. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"वहिनी, ट्रॅकच काढून टाकू का?"

"नको. त्यांचं तेवढंच उरलंय हो." मग तिचं लक्ष टाचण्यांच्या डबीकडे गेलं. "भाऊजी, गाडी पडलीच नाही तर?"

टाचण्यांच्या डबीतलं एक चुंबक तिनं काढून दिलं. चष्म्याचे स्क्रू पिळायच्या बारक्या पेचकसानं त्यानं ते लाल गाडीच्या पोटाशी बसवलं.

"रागावेल तो."

"रागावू देत. मी झोपते."

त्या दुपारी ऊंऽऽऽऽ असा सरळ सूर लागला. उतरणं नाही, चढणं नाही. पडणं नाही. आत्या झोपली. दिवेलागणीला उठली तेव्हा तोंड सुजलं होतं झोपेनं. आनंदानं रडली बिचारी. त्यानंतर काही दिवस तिचं रूपच पालटलं.

मग एका दुपारी तिला जाग आली. घर चिडीचूप.

ती दुकानात आली. मशीनवर काहीतरी ठेवलेलं होतं...

चुंबक.

त्याला टाचण्या लगडलेल्या. दिवसभराच्या सांडलेल्या टाचण्या, ज्या तिनं अजून गोळाच केल्या नव्हत्या.

आणि वर...

टक्.

"तुला सांगते," आत्या मला म्हणाली होती, "मला रडू आलं आणि हसूही आलं. एवढ्या संसारात माझ्या टाचण्या पहिल्यांदा उचलून दिल्या त्या माणसानं! मग न जाऊन कसं चालेल?"

"आले हो, आले," म्हणत ती जिना चढली.

पुढे रोज दुपारी ती शिवण घेऊन वरच जाऊन बसायची. सुकत चालली. आम्ही म्हटलं, आमच्याकडे राहायला ये, हातापाया पडलो तिच्या.

"आणि गाडी कोण बसवणार?" एवढंच म्हणायची.

आत्या गेली ती त्याच खुर्चीत. मांडीवर अर्धवट दुमडलेला परकर, सुई तशीच टोचलेली. चेहरा शांत, गाढ झोपल्यासारखा. जो आला तो एकच म्हणाला, सुटली बिचारी. आता तरी झोपेल.

आम्ही घराला कुलूप लावलं.

गेल्या रविवारी मी तिचं मशीन आणायला गेलो. एकट्यानं उचलणारं नव्हतं, म्हणून चष्मेवाल्याला बरोबर घेतलं. दुपारची वेळ. दुकानात धुळीचा वास. मशीन धरून उचलणार, एवढ्यात...

ऊंऽऽऽ...

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा.

आवाज उतरला. चढला.

टक्.

आम्ही दोघं तसेच थांबलो. मनात म्हटलं, पडली, आता पडूनच राहू दे. आता वर कुणी नाही. कुणी नाही बसवायला...

खुर्ची करकरली.

कुणीतरी गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठावं तशी. मग थकलेली पावलं. दोनचारच.

आणि पुन्हा...

ऊंऽऽऽ...

मशीन तिथेच टाकून आम्ही बाहेर आलो. कुलूप लावताना चष्मेवाल्याचे डोळे भरले होते. "वहिनींना कुणीतरी सांगा रे," तो म्हणाला, "झोपा म्हणावं आता."

पण वर जाऊन सांगायची छाती ना त्याची झाली, ना माझी.

आता दुपारी जेवून आडवा झालो की मला झोप येत नाही. आत्याच डोळ्यांसमोर येते. मेल्यावर तरी झोपू द्या रे, म्हणायची.

आणि आम्ही हसायचो.