लाल पट्टीपलीकडे

पाऊस आणि गारा एकदमच सुरू झाल्या, म्हणून मी धावत बसथांब्यात शिरले. बाकावर एकच तरुण बसला होता. त्याच्या मांडीवर थर्माकोलचा पांढरा डबा होता आणि दोन्ही हातांनी त्याने तो तान्ह्या बाळासारखा धरला होता. स्वतः ओलाचिंब झालेला, पण लोकरीची टोपी मात्र डब्याच्या डोक्यावर!

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. पण ती टोपी...

"जेवण आहे का?" मी विचारलं.

"विषाणू," तो म्हणाला.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

"घाबरू नका हो, माणसांना काही करत नाहीत ते. फक्त जीवाणूंना मारतात."

"मी जीवाणूच वाढवते."

"अरेरे!" त्याचा चेहरा खरोखरच पडला. "मग सरकलात ते बरं केलंत. अजून थोडं सरका... नको, नको, भिजाल!"

मी हसले नाही. निदान ओठ तरी हलू दिले नाहीत. बस आली. आम्ही एकाच ठिकाणी उतरलो, एकाच इमारतीत शिरलो आणि लिफ्टमध्ये दोघांची बोटं एकदमच तिसऱ्या मजल्याच्या बटणावर गेली.

"तुम्ही माझा पाठलाग करताय का?" त्याने विचारलं.

"हे मी विचारायला हवं."

त्याचं नाव एलॉय मोंतान्यो. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातून आमच्या विस्कॉन्सिनच्या थंडीत नुकताच आलेला. माझं नाव वेरेना एबिशर. आमच्या घरी चार पिढ्या चीज बनतं आणि चार पिढ्या आम्ही कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही.

आमच्या विभागात एक लाल पट्टी आहे. तिसऱ्या मजल्याच्या डाव्या टोकाला कल्चर रूम, तिथे आम्ही पांढऱ्या कोटातले लोक जीवाणू वाढवतो. उजव्या टोकाला निळ्या कोटातले लोक फाज सांभाळतात. फाज म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू. कल्चर रूमच्या दाराशी जमिनीवर लाल पट्टी चिकटवलेली आहे. फाजच्या खोलीत जाऊन आलेल्या माणसाने त्या दिवशी ती ओलांडायची नाही. फाजवाल्याला नुसता हात लागला तरी नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, मगच. आधी स्वच्छ काम, मग घाण काम, असं दारावर लिहिलेलंच आहे.

एलॉय ती पट्टी पाळायचा. बुटाची टोकं पट्टीला टेकवून पलीकडे उभा राहायचा आणि तिथूनच बोलायचा.

"आज काय करतंय विरजण?"

"तुझ्यापासून लपतंय."

"आणि विरजणाची मालकीण?"

"तीही."

विरजण माझ्या पणजोबांचं. ते ज्या विरजणाने चीज लावायचे, त्याच्यानेच बाबा आजही लावतात. मी त्यातली जीवाणूंची एकच जात वेगळी काढली होती. रोज दुपारी चार वाजता तिचा एक थेंब ताज्या पोषक द्रवात घालायचा, असं तीस दिवस करायचं आणि ती कशी बदलते ते पाहायचं. एक दिवसही चुकवायचा नाही. जीवाणू जिवंत असले की सकाळी नळी ताकासारखी गढूळ दिसते. फाज घुसला की नितळ पाणी.

ऑक्टोबरपासून मी दर रविवारी चारचं काम उरकून घरी जाऊ लागले होते. बाबांचा खांदा दुखावला होता आणि चीजसाठी कढई-कढईभर दह्याचे खडे उपसायला कुणीतरी हवंच होतं. एका सोमवारी मी ताज्या चीजची पिशवी एलॉयसाठी आणली. हो, आणली. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

"याला चावताना आवाज आला पाहिजे," मी त्याला सांगितलं. "ताजं असेल तरच येतो."

त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि माझ्या कानाशी वाकून चावला. चुईंक!

"ऐकलंस?"

ऐकलं. आणि त्याच्या ओल्या केसांचा वासही आला. मी दोन पावलं मागे सरकले, पण थोडी उशिराच.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, माझ्या सगळ्या नळ्या नितळ होत्या.

पहिल्यांदा मी स्वतःलाच दोष दिला. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी पुन्हा तेच झालं... सगळ्या नळ्या काचेसारख्या. आमच्या मार्गदर्शक प्रोफेसर लिंडक्विस्ट यांनी चष्मा काढला. वाईट बातमी देताना त्या चष्मा काढतात.

"वेरेना, अजून एकदा. तिसऱ्यांदा मेलं तर हा विषय बंद, तुला दुसरा घ्यावा लागेल."

बंद! पणजोबांचं विरजण, माझी दोन वर्षं, सगळं बंद. त्याच क्षणी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आमच्या मजल्यावर नवं काय आलं होतं? ऑक्टोबरमध्ये कोण आलं होतं, मांडीवर डबा घेऊन?

एकदा शंका आली की सगळंच दिसायला लागतं. तो पट्टीशी येऊन उभा राहतो तो कशाला? माझ्या चारच्या वेळेची चौकशी कशाला? एके दुपारी टाकाऊ नळ्यांच्या बादलीशी मी त्याला वाकलेलं पाहिलं, आणि मला बघताच तो गडबडला. पुढच्याच आठवड्यात सामायिक फ्रीझरमध्ये त्याचा खोका उघडा दिसला. आत ओळीने चार नळ्या, आणि त्यांच्यावर माझी आद्याक्षरं... व्ही. ए.

चोरी! मारायचं ते मारायचंच, वर चोरायचंही!

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो दाराशी आला तेव्हा म्हणाला, "वेरेना, एक मिनिट... मला काहीतरी—"

मी दार लावून घेतलं. दोन दिवसांनी तो पुन्हा आला. मी पुन्हा लावलं. काचेतून त्याचा चेहरा दिसत होता आणि तो मला आवडत होता, याचाच मला जास्त राग येत होता. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या पावलांची वाट कोण बघतं?

तिसऱ्या खेपेला तर पुरावाच मिळाला. नोव्हेंबरअखेर एलॉय दोन आठवडे घरी गेला. त्या दोन आठवड्यांत माझ्या नळ्या काय सुरेख गढूळ होत्या! मी शनिवार-रविवारीसुद्धा राखणीला लॅबमध्येच बसले. तो नाही तर मरण नाही, आणखी काय हवं? शेवटच्या रविवारी मी निर्धास्तपणे घरी जाऊन आले. सोमवारी एलॉय परतला, पट्टीपलीकडून त्याने हळूच हात हलवला, आणि मी सापळा लावायचा ठरवला.

सापळा साधा होता. चारचं काम आटोपल्यावर माझ्या जीवाणूंचा पातळ थर दिलेल्या पाच प्लेटा मी पाच ठिकाणी तासभर उघड्या ठेवल्या. जिथे फाज असेल तिथल्या थराला सकाळी भोकं पडलेली दिसणार. एक एलॉयच्या टेबलाखाली, एक दाराच्या मुठीशी, एक बोळात, एक फ्रीझरजवळ. पाचवी तुलनेसाठी. जिथे काही नसणारच अशा जागी एक ठेवावी लागते, नाहीतर बाकीच्यांना अर्थ राहत नाही. ती मी माझ्याच कपाटात, माझ्या जॅकेटच्या खुंटीखाली ठेवली.

मंगळवारी सकाळी आधी नळ्या बघितल्या. नितळ. बाविसाव्या दिवशी सगळ्या नितळ.

मी रडले नाही. तडक प्रोफेसरांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बादली, फ्रीझर, दोन आठवड्यांची गैरहजेरी.

त्यांनी चष्मा काढला. "हा फार गंभीर आरोप आहे. खरा असेल तर आज चार वाजता मी त्याच्याकडून लॅबची किल्ली परत घेईन. पण मला त्या प्लेटा दाखव."

"आणते," मी म्हणाले. अक्षरशः धावत गेले.

एलॉयच्या टेबलाखालची प्लेट उजेडात धरली. थर अखंड, एक भोक नाही. मुठीजवळची स्वच्छ, बोळातली स्वच्छ, फ्रीझरजवळचीही स्वच्छ.

पाचवी प्लेट मी दोनदा वळवून बघितली. तिची चाळण झाली होती.

वर खुंटीला माझं निळं लोकरी जॅकेट लटकत होतं. रविवारी बाबांच्या चीजच्या खोलीत घातलेलं, बाहीवर दह्याचं पाणी वाळलेलं. दर रविवारी घातलेलं, आणि दर सोमवारी तेच घालून मी कल्चर रूमपर्यंत आलेली. बाहीवरून हातावर, हातावरून नळीत! ज्या दोन आठवड्यांत एलॉय नव्हता, त्यांत शेवटच्या रविवारपर्यंत मीही घरी गेले नव्हते. त्याची गैरहजेरी मी मोजली, स्वतःची मोजायचीच विसरले.

ती पाचवी प्लेट अजून कुणी पाहिली नव्हती. बादलीत टाकली असती तर संपलं असतं. जीवाणू तर मेलेच होते, विषय तर जाणारच होता, मग दोष त्याच्या माथ्यावर असला काय आणि माझ्या... मी खरंच असा विचार केला. लाज वाटते, पण केला. मग बसथांब्यातली ती डब्यावरची टोपी आठवली आणि मी पाचही प्लेटा उचलल्या.

प्रोफेसर तोवर वर्गावर गेल्या होत्या. चार वाजता त्यांच्या खोलीत एलॉय आधीच उभा होता. किल्ली टेबलावर ठेवलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तो नाही," मी म्हणाले. "मी आहे, माझं जॅकेट आहे. फाज माझ्याच घरून येतोय. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला."

प्रोफेसरांनी प्लेट खिडकीशी धरली आणि बराच वेळ पाहिली. एलॉय मात्र प्लेटकडे न बघता म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"तू टाकून दिलेल्या नळ्या मी बादलीतून उचलल्या. मलाही भीती होती ना, माझाच फाज निसटला असेल तर? पण तो माझा नव्हता. मग तू दिलेल्या चीजचा शेवटचा तुकडा तपासला. त्यात तोच निघाला."

"तुकडा ठेवला होतास? इतके दिवस?"

त्याचे कान लाल झाले. "तू दिलेला होता."

प्रोफेसर लिंडक्विस्ट खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच.

"दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा दार लावलंस!"

"पण बाबांचं चीज तर नीट लागतं," मी पुटपुटले. "तिथे फाज असेल तर विरजण कसं मरत नाही?"

"कारण त्यांच्या विरजणात ढीगभर जाती आहेत. काही मेल्या तरी बाकीच्या काम रेटतात. तू त्यातली एकटीच वेगळी काढलीस. एकटं पडलं की कुणीही मरतं, वेरेना." मग तो प्रोफेसरांकडे वळला. "पण सगळे मेले नव्हते. नितळ नळी तशीच ठेवली तर काही दिवसांनी ती पुन्हा गढूळ होते. फाजला पुरून उरलेले तेवढे वाढतात. ते मी काढून ठेवलेत. फ्रीझरमध्ये चार नळ्या आहेत. तिच्या आहेत म्हणून तिचंच नाव घातलंय."

व्ही. ए. जिला मी चोरी म्हणाले होते, ती.

प्रोफेसरांनी चष्मा चढवला. "जुना विषय बंद," त्या म्हणाल्या. "नवा विषय, हे वाचलेले कसे वाचले. जानेवारीपासून. वेरेना, ते जॅकेट पिशवीत बांधून घरी पाठव आणि तिकडेच राहू दे. आणि ही किल्ली ज्याची आहे त्याला तू स्वतः दे."

मी किल्ली उचलली. त्याने तळहात पुढे केला. मी ती ठेवली आणि हात काढून घ्यायला हवा होता तेवढा लगेच काढला नाही.

"माफ कर," मी म्हणाले.

"बघू," तो म्हणाला. "मीही थोडा संशयी आहे."

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. चारला पाच मिनिटं होती. दाराशी निळा कोट आला, बुटाची टोकं बरोबर पट्टीला टेकलेली.

"आज काय करतंय विरजण?"

"जिवंत आहे."

"आणि मालकीण? अजून संशय आहे का माझ्यावर?"

"आहे. एक."

"कुठला?"

"तिथेच थांब. हलू नकोस."

मी नळी उघडली, तोंड ज्योतीवरून फिरवलं, एक थेंब ताज्या द्रवात सोडला. नळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, वहीत वेळ लिहिली, पांढरा कोट काढून खुंटीला लावला. आजचं स्वच्छ काम संपलं होतं.

मग मी पट्टी ओलांडली.

"वेरेना!" तो दचकून मागे झाला. "मी सकाळपासून फाजच्या खोलीत होतो. मला हात लागला तर आज तुला आत जाता येणार नाही—"

"माहीत आहे," मी म्हणाले आणि त्याच्या निळ्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. "उद्या चारपर्यंत मला आत काही काम नाही."