खाडीच्या तोंडावरची साक्ष

दिगंबर मेतरने जाळं ओढून घेतलं तेव्हा बांगड्यांखाली होडीचा तळ दिसेनासा झाला होता. त्याने ओले हात लुंगीला पुसले, वायरलेस उचलला आणि आवाज मुद्दाम मेल्यासारखा करून सांगितलं, "काय नाय रे. चार पेडवे गावले. फुकट होडयेची बॅटरी संपवलंय."

पलीकडून त्याचा मेव्हणा महेंद्र सारंग बोलला. तोही तसाच कंटाळलेला. आपल्याकडेही पाणीच पाणी आहे, म्हणाला. दिगंबर हसला. महेंद्रच्या आवाजामागे कुरव पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येत होता, आणि रिकाम्या होडीभोवती कुरव जमत नाहीत.

खारवणे बंदराची ही जुनी रीत. समुद्रावर निघालेल्याला कुठे चाललास म्हणून विचारायचं नाही, आणि जाळ्यात काय लागलं ते पाण्यावर असताना सांगायचं नाही. सांगितलं तर अख्खं बंदर तिथे येऊन कोसळणार. म्हणून सगळे सगळ्यांना 'काय नाय' सांगत. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. जाणता माणूस शब्द सोडून देई आणि सुरावरून, मागच्या आवाजांवरून काय ते ओळखी.

दिगंबरच्या होडीपासून हाकेच्या अंतरावर एक पिवळा बोया डुलत होता. असे बोये आता साऱ्या किनाऱ्यावर होते. त्या सगळ्यांना जोडणाऱ्या यंत्रणेचं नाव होतं जलनाडी. वैद्याने मनगट धरून पोटातलं सांगावं, तसं थोडं पाणी शोषून खालची मासळी सांगायची, हे तिचं काम. मासा पोहून गेला तरी त्याच्या अंगाचा बुळबुळीतपणा, खवल्याचा एखादा कण, विष्ठा पाण्यात उरते. त्या कणांत त्याच्या जातीची खूण असते, आणि बांगड्याची खूण सुरमईला लागत नाही. जलनाडी त्या खुणा वाचायची, मोजायची आणि कुठे मासळी वाढते, कुठे घटते ते राजधानीतल्या कार्यालयाला कळवायची. खारवण्यातल्या बायकांना ती आवडे. निदान एक तरी बंदरावर खरं बोलतंय, असं त्या म्हणत.

मासेमारीच्या नियमांत बदल करायचं ठरलं तेव्हा कायद्याप्रमाणे प्रत्येक बंदरावर जनसुनावणी झाली. खारवण्याची सुनावणी मच्छीमार सोसायटीच्या जाळी विणायच्या शेडमध्ये होती. जाळी बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. पुढे पुरुष, मागे बाजारात बसणाऱ्या बायका, आणि त्यांच्या मधोमध शेवंतीकाकी कुबल. लिलावात जिचा आवाज चढला की बाहेरगावचे व्यापारी दोन पावलं मागे सरत, ती ही. मत्स्य खात्याकडून नागवेकर मॅडम आल्या होत्या. वयाने लहान, बोलायला सरळ. बोये त्यांनीच बसवले होते, त्यामुळे त्या बंदराला परक्या नव्हत्या.

त्यांनी मसुदा समजावला. यापुढे सरसकट पावसाळी बंदी राहणार नव्हती. जिथे मासळी घटेल तेवढाच पट्टा बंद व्हायचा, आणि सावरली की उघडायचा. बंद पट्ट्याच्या कडेला होडी पोचली की तिचं इंजिन आपोआप थांबणार. ना पोलीस, ना दंडाची पावती. लोकांनी माना डोलावल्या. मग मॅडमनी पडद्यावर नकाशा लावला आणि शेडमध्ये गलका झाला.

बाहेरचा खोल समुद्र हिरवा, म्हणजे उघडा होता. तिथे कंपन्यांची मोठी जहाजं चालत. खाडीचं तोंड, जिथे खारवण्याच्या होड्या पिढ्यान्पिढ्या जाळी टाकत आल्या, ते लालभडक होतं, म्हणजे बंद.

दिगंबर उठून उभा राहिला. खाडीच्या तोंडाला मासळी नाही असं बोया सांगतो का, असं त्याने विचारलं. काल त्याच्या डोळ्यांदेखत तिथे पाणी उकळत होतं, इतका बांगडा होता.

मॅडम म्हणाल्या की तिथला बोया नक्की असं काहीच सांगत नाही. खोल समुद्रात पाणी निवळ असतं, तिथे खूण सापडली म्हणजे मासा जवळ असतो. खाडीच्या तोंडाला भरती-ओहोटी पाणी घुसळते, गाळ वर येतो, आतली खूण बाहेर आणि बाहेरची आत. तिथला आकडा भरवशाचा नसतो. म्हणून तेवढ्या जागेसाठी जलनाडीला दुसरी साक्ष दिली आहे, माणसांची.

"खयच्या माणसांची?" शेवंतीकाकीने मागून विचारलं.

मॅडमनी उत्तराऐवजी साठवलेला आवाज सुरू केला. वायरलेसची खरखर आली आणि मग एकेक जण बोलू लागला. काय नाय रे. हयपण नाय. सुको पडलो समुद्र. चार पेडवे. काय नाय. लोक आधी हसले. अरे, हा महेंद्र. हा तर वारलेला भिकाजी, बघ कसा रडतोय मेला. दिगंबरला स्वतःचा आवाज ऐकू आला, कंटाळलेला, छान वठवलेला. आवाज थांबेनात. वर्षामागून वर्षं, हंगामामागून हंगाम, सगळं खारवणे एकच गोष्ट सांगत होतं. हसू हळूहळू विरलं.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर वायरलेसवरचं बोलणं साठवून ठेवा, अशी मागणी बंदरानेच केली होती. हरवलेल्या होडीचा शेवटचा शब्द तरी मिळावा म्हणून. तेच बोलणं, नावं काढून, जलनाडीला शिकवलं होतं. कंपन्यांची जहाजं वायरलेसवर गप्पा मारत नाहीत. त्यांच्याविरुद्ध साक्षच नव्हती.

शेडमध्ये कुणी कुणाकडे बघेना. शेवटी दिगंबरच बोलला. "मॅडम, ता सगळा खोटा. मासळी नाय म्हणान आमी सांगतंव, ती आमची रीत. ता कोणी खरा धरूचा नसता."

"मला माहीत आहे," नागवेकर मॅडम म्हणाल्या. "मी बोटीवर तुमच्यासोबत आलेय. पण यंत्रणेला मी काय सांगू? इतकी वर्षं सगळे खोटं बोलले आणि पट्टा बंद व्हायची वेळ आली त्या दिवशी खरं बोलले, हे कशावरून?"

मग त्यांनीच वाट सांगितली. धक्क्यावरच्या लिलावाच्या काट्यावर प्रत्येक होडीचं वजन साठत असतं. ते वजन आणि वायरलेसवरचा आवाज एकमेकांना जोडले, की कुठल्या दिवशी कोण काय म्हणाला आणि त्याच दिवशी त्याने काय उतरवलं ते स्वच्छ दिसेल. साक्ष खोटी ठरली की जलनाडी ती टाकून देईल आणि लाल पट्टा हिरवा होईल. फक्त ही जोडणी गावाच्या संमतीशिवाय करता येत नाही. आणि सुनावणी जाहीर असल्यामुळे निकालही जाहीर होईल. नावानिशी.

"म्हणजे कोण कोणाक काय बोललो, ता सगळ्यांका दिसतला," महेंद्र सावकाश म्हणाला.

"हो."

सगळे खोटं बोलतात हे बंदराला ठाऊक होतंच. पण सगळे बोलतात हे ठाऊक असणं वेगळं, आणि अमक्या दिवशी, माझ्या घरात चूल थंड असताना, माझा सख्खा भाऊ माझ्याशी खोटं बोलला हे डोळ्यांनी वाचणं वेगळं.

मॅडमनी संमतीचे हात वर करायला सांगितले. मागच्या सतरंजीवरून शेवंतीकाकीचा हात पहिला गेला आणि पाठोपाठ सगळ्या बायकांचे. पुढे मात्र पुरुष मांडीवर हात ठेवून बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे.

"वर करा रे," शेवंतीकाकी म्हणाली. "समुद्र जाताहा तुमचो. इज्जत खयची घेऊन बसलास?"

दिगंबरचा हात उठला होता. खांद्यापर्यंत आला होता. तेवढ्यात महेंद्रने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि दिगंबरला तो हंगाम आठवला. महेंद्रने नवी होडी घेतली होती. सुरावरून खरं ओळखायची कला त्याला अजून आली नव्हती. तो रोज वायरलेसवर विचारायचा, भावोजी, तुमच्याकडे काय हा? आणि दिगंबर रोज सांगायचा, काय नाय. महेंद्र रोज दुसरीकडे जायचा आणि रिकामा यायचा. वर्ष संपायच्या आत ती होडी विकली गेली; आताची दुसरी होडी घ्यायला महेंद्रला कित्येक वर्षं लागली. रीत होती ती. दिगंबरने काही वेगळं केलं नव्हतं. पण त्याच्या बायकोने, महेंद्रच्या बहिणीने, तो सगळा हंगाम त्याच धक्क्यावर बसून नवऱ्याचे बांगडे विकले होते.

दिगंबरच्या हाताने वाटेतच कान खाजवला आणि तो खाली आला.

मॅडमना हात मोजायची गरजच नव्हती. कायद्यात होडीच्या मालकांचीच संमती धरली जात होती, आणि होड्या पुरुषांच्या नावावर होत्या. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की गावाने नकार दिला तरी एकेकट्याचा हक्क शाबूत आहे. ज्याला वाटेल त्याला एखाद्या माणसाची साक्ष काट्यावरच्या नोंदीशी खासगीत पडताळून मागता येईल. मात्र एका साक्षीने पट्टा उघडणार नाही.

शेवंतीकाकीने आपली पाटी उचलली आणि ती चालू लागली.

नवे नियम लागू झाले. रिवाजाप्रमाणे नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात गेल्या आणि खाडीच्या तोंडाशी एकामागून एक इंजिनं थांबली. पाण्यावर काही दिसत नव्हतं, भिंत नाही, दोरी नाही. होडी आपली भाबडेपणाने डुलत राही, नि मागे वळवली की इंजिन पुन्हा चालू. पुढ्यात बांगडा उड्या मारत होता. काहींनी वल्ही मारून पाहिलं, पण ओहोटीच्या ओढीपुढे वल्ह्यांचं चाललं नाही. लाल पट्ट्याला वळसा घालून हिरव्या समुद्रात जावं, तर तिथे त्यांच्या होड्या लाटेत टिकणाऱ्या नव्हत्या. तिथे जहाजं होती.

मग खारवण्याचे पुरुष सकाळपासून किनाऱ्याच्या पुळणीवर, वाळूत बसू लागले. जाळी पसरून शिवत. त्यांत शिवण्यासारखं काही नव्हतं, तरी शिवत. दिगंबरच्या घरात आता बायको बाहेरगावाहून विकत आणलेली मासळी पाटीत घेऊन बाजारात बसत होती. पूर्वी पुळणीवर थट्टा चाले, एकमेकांच्या सासऱ्यांचे उद्धार होत. या आठवड्यात मात्र कुणाला फारसं बोलायचं नव्हतं. कुणी तंबाखू मागितली तर दुसरा डबी वाळूवर ठेवून देई, हातात देत नसे. दिगंबरला वाटलं, दिवसच तसे आहेत.

त्या सकाळी त्याचा फोन वाजला. नागवेकर मॅडम होत्या.

"मेतर, नियमाप्रमाणे तुम्हाला कळवणं भाग आहे. तुमच्या बंदरातून कुणीतरी तुमचा आवाज पडताळायला मागितलाय. एका हंगामाचा."

कुठल्या हंगामाचा, हे दिगंबरने विचारलं नाही. "कोणी?"

"ते सांगता येत नाही."

"त्येना खाडी उघडतली?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच वाईट वाटल्यासारखं काही होतं. "त्याने काहीच उघडणार नाही. तुम्हालाही तोच हक्क आहे, मेतर. तुम्हाला कुणाचा आवाज ऐकायचा आहे का?"

समोर महेंद्रची सुई थांबली होती. "कोणाचो फोन, भावोजी?" त्याने विचारलं.

दिगंबरने पुळणीवरून नजर फिरवली. रांगेने माणसं बसली होती, सगळ्यांच्या माना जाळ्यांवर, आणि प्रत्येकाच्या गुडघ्याशी एकेक फोन पालथा पडलेला. यातल्या किती जणांना हा फोन येऊन गेला असेल? आणि त्यांनी मॅडमना काय सांगितलं असेल?