दगडावर नसलेला खंडू

बाबू, कंदील बारीक कर. राकेल काय फुकट येतं? आणि दात काढू नको, मेल्या. ज्याची गोष्ट सांगतोय त्या सोनूचं घर आमच्या घराला लागून होतं. मी काय रचून सांगत नाय.

सन चोवीस. मार्गशीर्षातली अवस. दुसऱ्या दिवशी गावाबाहेर, कातळाच्या सड्यावर, जर्मनच्या लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा दगड उघडायचा होता. खोतानं शूरांचं पुस्तकसुद्धा छापून घेतलान. बसऱ्याकडच्या लढाईत सोनूनं जखमी हवालदाराला पाठीवर घालून आणलान, असं त्यात लिहिलेलं. पुस्तकं पूर्णगडच्या बंदरात उतरली होती. आणायला सोनूच निघाला.

वाटेत आवडाबाई आडवी आली. तिचा खंडू सोनूबरोबरच भरती झालेला. सोनू एकटा परत आला आणि गावाला सांगितलान, खंडू लढाईतून पळाला. म्हणून दगडावर खंडूचं नाव नाय, पुस्तकात नाय.

"सोनू, खरं सांग रे. गेला असंल तर त्याचं कार्य करीन, पाणी देईन. जित्या पोराचा पिंड कसा घालू मी?"

"पळाला तो, काकी. कितीदा सांगू?"

म्हातारी वाटेतच मटकन बसली. आणि हे दोघे एका ताटात जेवलेले, बरं का! आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गठ्ठा डोक्यावर घेऊन सोनू रात्री सड्यावरून परत आला. कापडानं झाकलेल्या त्या दगडाशी दम खायला टेकला. गाव झोपलेलं.

मागं बूट वाजले.

आमच्या सड्यावर बूट कोण घालतो?

"सोनू..."

रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आवाज ओळखीचा. सोनूनं ओ दिलान.

"पाणी..."

जवळ तांब्या होता. भरलेला.

"नाय," सोनू म्हणाला.

तांब्या छातीशी धरलान.

बूट गावाकडं निघाले. हळूहळू.

उजाडता सोनू खोताच्या पडवीत येऊन पाया पडला. मी तिथंच होतो, तोरणं बांधत. आधी रात्रीचं सगळं सांगितलान, मग म्हणाला, "हवालदाराला खंडूनं आणलान. मी तिकडच्या पांढऱ्या चिखलाच्या खंदकात लपलो होतो. येता येता त्याला गोळी लागली. पाणी मागत होता. माझी बाटली भरलेली... पुढं मलाच लागंल म्हणून दिली नाय. तिथंच गेला तो."

खोत म्हणाला, "पुस्तकं छापून झाली, दगड कोरून झाला. साहेब येतोय. तोंड मिट."

आणि सोनूनं तोंड मिटलान. दुपारी हारसुद्धा घालून घेतलान. थू!

मी काय हार बघायला थांबलो नाय. खोताच्या पडवीतून तसाच पळत आवडाबाईकडं गेलो होतो. म्हटलं, निदान हिला कळू दे, पोर पळालेलं नव्हतं. दार उघडं. ती चुलीपुढं बसलेली.

"आवडाबाय, तुझा खंडू..."

"ठाव हाय," ती म्हणाली. "पाणी दिलं मी त्याला."

मी खाली बघितलं.

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता. आपली माती लाल, कुठंही खणा, लालच. तिच्या अंगणात पांढुरक्या चिखलाचे ठसे होते. ओले. बुटांचे.

उंबरठ्यातून आत गेलेले.

बाहेर आलेला एकही नव्हता.