शेवटच्या रांगेतली सहा झाडं

त्या दुपारी चिमटीच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: पोहायला तासभर जास्त, सगळ्यांच्या आधी काम संपवल्याचा तोरा आणि लाल मुंग्यांपासून सुटका. तिन्ही गोष्टी फुकटात मिळतायत, असं तिला वाटलं.

चिमटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलता बोलता समोरच्याला चिमटा काढायची खोड, म्हणून ते चिकटलेलं. सुट्टी लागल्या लागल्या बाग कचेरीच्या साहेबांनी तिला, तिच्या मामेभावाला म्हणजे लंबूला आणि धाकट्या भावाला काम दिलं होतं. जुन्या राजबागेतल्या आंब्यांचे घेर टेपनं मोजायचे आणि तक्त्यात लिहायचे. धाकट्याच्या तोंडून प्रश्नाशिवाय काही निघत नसे, म्हणून तो प्रश्न्या.

चिमटीच्या वाट्याला शेवटची रांग आली. सहा झाडं, ओढ्यापलीकडे. पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या तिथं फांदी-फांदीवर होत्या. चिमटी ओढ्याच्या अलीकडेच थांबली, एक डोळा मिटला आणि लिहून मोकळी झाली. एकशे चाळीस सेंटीमीटर. एकशे त्रेपन्न. एकशे अडतीस. सगळेच आकडे शून्यावर संपले तर संशय येतो, एवढी अक्कल तिला होती. मोजमाप कशासाठी चाललंय हे विचारण्याइतकी मात्र नव्हती.

आठवड्यानं तिघं बागेत गेली, तर त्या सहाही झाडांवर लाल रंगाच्या फुल्या.

माळीबाबा ओढ्याच्या काठावर बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी ही बाग राखली होती.

"उद्या सकाळी तोडणार," ते म्हणाले. "गाड्या लावायला जागा हवीय. दोन मीटरच्या वर घेर असेल ते झाड राजाच्या वेळचं, ते ठेवायचं. बाकीचं काढायचं. ही सहा बारीक निघाली म्हणे."

"बारीक?" लंबू ओरडला. "बाबा, हत्ती बांधावा असली झाडं ही."

"मीही तेच म्हणालो. साहेब म्हणाले, कागदावर काय आहे ते बघा. तुमचे डोळे गेलेत आता."

"आकडे साहेबांनीच बदलले असणार," लंबू कुजबुजला. "काय गं चिमटे? तोंडात गुळणी धरलीयस का?"

चिमटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण 'आता' निघून गेलं आणि तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "मावशीकडे राजाची वही आहे. त्यात लागवडीची नोंद असेल."

मावशी ग्रंथपाल होती. त्या दिवशी ग्रंथालय बंद होतं. म्हणजे उद्या उघडलं की वही मिळेल, झाडं वाचतील आणि आपलं नावही निघणार नाही, असा चिमटीनं हिशेब केला.

सकाळी मावशीनं कपाटातून वही काढली. राजाला लढायांपेक्षा कलमं बांधायचा नाद जास्त. दूरदूरच्या गावांहून ओल्या शेवाळात गुंडाळून फांद्या आणवायच्या, रोपावर स्वतःच्या हातानं बांधायच्या, आणि पहिलं फळ आलं की चव लिहून ठेवायची. 'गोड, पण बाठ फार मोठी.' 'प्रधानाला आवडला, म्हणजे आंबट असावा.'

"हे बघ," मावशीनं बोट ठेवलं. "'ओढ्यापलीकडे सहा. पोट आड येतं, वाकवत नाही. म्हणून कलमं कमरेच्या उंचीवर बांधली.'"

"मग त्या झाडांना कमरेशी सांधा असेल?" प्रश्न्यानं विचारलं.

तेवढ्यात बागेच्या दिशेनं करवतीचा आवाज आला.

तिघं धावत सुटली. ओढा ओलांडेपर्यंत पहिलं झाड आडवं झालं होतं. उरलेल्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला सालीचं जाड कडं होतं. तिथं दोन झाडं एक झाली होती. लंबूनं मुंग्या झटकत टेप लावली. दोनशे ब्याऐंशी.

साहेब ओढ्याअलीकडे छत्रीखाली उभे होते. त्यांच्या हातातल्या तक्त्यावर त्यांचीच सही होती, 'प्रत्यक्ष मोजून खात्री केली.'

"साहेब," प्रश्न्या भाबडेपणानं म्हणाला, "तुम्ही खात्री केलीत तेव्हा तुम्हाला काही चावलं नाही?"

"काय चावणार? एवढी साफ जागा आहे. मुंगीसुद्धा नव्हती तिथं."

झाड तोडणारे दोघं अंगभर खाजवत होते. त्यातला एक फिसकन हसला. "या ना मग साहेब इकडं. दुसऱ्या झाडाला हात तरी लावा."

साहेबांना जावं लागलं. टेप अर्धी गुंडाळेपर्यंत मुंग्या पँटीत शिरल्या. आकडा आला दोनशे पंच्याण्णव. करवत थांबली, पण साहेबांना दोष द्यायला कोणीतरी हवं होतं.

"या म्हाताऱ्यानं पोरांना अंदाजे आकडे सांगितले असणार," ते पाय झटकत म्हणाले. "याला कामावरूनच काढायला हवं."

माळीबाबा कापलेल्या बुंध्यावर हात ठेवून उभे होते. "सांगितले असतील का मी?" त्यांनी चिमटीलाच विचारलं. "हल्ली विसरायला होतं, बाळ. तुला आठवतंय का?"

हा प्रश्न चिमटीला सोसला नाही.

"बाबांनी नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "मी. इकडे आलेच नव्हते. तिकडून बघून लिहिलं. काल सांगितलं असतं तर हेही राहिलं असतं."

लंबूनं तिच्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे पाहिलं. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

संध्याकाळी साहेबांचे वरिष्ठ आले, मावशी वही घेऊन आली. पाच झाडं पक्की झाली. "शाबास, पोरांनी बाग राखली," असं वरिष्ठ म्हणाले. माळीबाबांनी लंबूच्या आणि प्रश्न्याच्या पाठीवर थाप दिली. मग तशीच चिमटीच्या पाठीवरही दिली, जराही हलकी नाही. तिला वाटलं, त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं.

साहेबांनी भरलं ते पायांवर उठलेल्या गांधींनी आणि खुलाशाच्या एका पत्रानं. लंबूनं आणि प्रश्न्यानं स्वतःची चूक नसताना मुंग्यांचे चावे भरले. माळीबाबांनी एक दिवस स्वतःच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर शंका घेतली. चिमटीनं चारचौघांत मान खाली घातली, आणि उरलेली सुट्टी ती त्या वाटेनं मान वर करून गेली नाही. आणि ज्यानं कोणाचं काहीच घेतलं नव्हतं, त्या पहिल्या झाडानं सगळंच्या सगळं भरलं.