कल्ल्यांसकट दहा बांगडे

शिक्षणाधिकारी साहेब, शाळाशाळांत समुद्र शिकवायचा हुकूम तुम्ही काढलात, आणि समुद्र म्हणून पाठवलंत काय — एक गुंडाळलेलं पोस्टर! पोशीरच्या भातशेतातल्या पोरांनी त्यावर बोट ठेवायचं, फोटो काढायचा, तुमच्या ग्रुपवर टाकायचा. झालं शिक्षण. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

नाजनीनला वाटली. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर वाढलेली ही पोरगी दोन वर्षांपूर्वी पोशीरच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली आणि नेरळला एका खोलीत राहू लागली. वर्गात दिवसभर 'बाई, बाई' चालायचं. पण शनिवारी शाळा सुटली, की सोमवार उजाडेपर्यंत तिला कुणी हाक मारायचं नाही. चहा टाकावा, तर अर्धा भांड्यातच निवायचा. डोंगराकडे तोंड करून ती समुद्राचा आवाज आठवत बसायची... आठवायचाच नाही.

पोस्टर तिने कपाटावर फेकलं आणि नेरळचा बाजार गाठला. तिथे करंजा बंदरातून टेंपोने मासळी आणणारा झुहेब बसायचा.

"दहा बांगडे द्या."

तेवढ्यात तिचा फोन वाजला — मुख्याध्यापकांना फोटो हवे होते. ती बोलून वळली, तोवर झुहेबने पोटं साफ करून, कल्ले उपटून मासे पिशवीत घातलेसुद्धा.

"अहो, कल्ले कुठंयत?"

"काढले ना. एकदम साफ. आपल्याकडं तक्रार नाय."

"मला कल्लेच हवे होते!"

झुहेब सुरी तशीच धरून बघत राहिला. "बाई, कल्ले कोण खातं?"

"सातवीचा वर्ग."

"...खातात?"

"बघतात! मासा श्वास कसा घेतो ते शिकतात!"

शेजारच्या मासळीवाल्या खो खो हसल्या. झुहेबचे कान तापले. "उद्या शाळेत आणून देतो. अख्खे. चूक माझी हाय."

आणले. आणि देऊन निघायचं सोडून वर्गाच्या दारातच थबकला. नाजनीनने एका बांगड्याच्या गालावरचं झाकण उचललं. आतली लाल झालर बघायला पोरं बाकांवर चढली.

"पाण्यातली हवा इथून रक्तात जाते," ती म्हणाली. "म्हणून इथं रक्त दाटलेलं असतं."

"बाई," हिरू ओरडली, "त्या मासळीवाल्या दादांनी पण हात वर केलाय!"

खरंच केला होता.

"लाल बघून ताजा मासा ओळखतो मी," झुहेब म्हणाला. "बापानं शिकवलं. पण लाल का... ते आज कळलं."

इतकं सरळ बोलला तो, की नाजनीन पुढचं वाक्यच विसरली.

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. कधी खेकडे, कधी शिंपले, एकदा तर समुद्राच्या पाण्याचा कॅन. पोरांनी ते ताटल्यांत ओतून उन्हात ठेवलं, उरलेलं मीठ जिभेला लावून तोंडं वाकडी केली.

"हे मीठ डोंगरातूनच समुद्रात जातं," नाजनीनने सांगितलं. "पाऊस दगड झिजवतो. आपली नदी ते उल्हासला देते, उल्हास खाडीला."

पोरं पांगल्यावर झुहेब रिकामा कॅन उचलत म्हणाला, "म्हणजे तुमी इकडनं धाडता, आणि मी तिकडनं परत आणतो."

"काय? मीठ?"

"...आता मीठच म्हणा."

ती फळा पुसत राहिली. फळा केव्हाच कोरा झाला होता.

आणि मग, साहेब, तुमचं पत्र आलं. 'वर्गात दुर्गंधी येते. अनधिकृत इसमास प्रवेश देऊ नये.' इसम! नाव विचारायची तसदीसुद्धा घेतली नाहीत. मुख्याध्यापकांनी फाटकावरच ते झुहेबच्या हातात ठेवलं. त्याने वाचलं, बर्फाची पेटी पुन्हा टेंपोत चढवली आणि निघून गेला. पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. नेरळच्या बाजारात त्याच्या जागेवर कांदेवाला बसला.

"दादा का नाय आले?" पोरं विचारायची. नाजनीन धडा उघडायची.

तिसऱ्या गुरुवारी तिने अर्धी रजा टाकली आणि विचारत विचारत खालापूरचा बाजार गाठला. झुहेब मासळीवर पाणी मारत होता.

"काय देऊ, बाई?" वर न बघताच त्याने विचारलं.

"शाळेत का येत नाही?"

"वास येतो ना माझा." तो हसला. हसू टिकलं नाही. "तुमची नोकरी हाय. कुणी शिकलेला माणूस बघा, जो—"

"मी साहेबांना लिहून दिलंय. तुमच्या नावासकट. माझ्या पोरांना समुद्र यांनी दाखवला, असं. आता बदली करोत, नाहीतर नोटीस काढोत."

"वेडी हायस का गं तू!" बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली.

"आहे. आणि आता 'बाई' म्हणू नकोस." ती मासळीच्या पाटीला खेटून उभी राहिली. "झुहेब, मला त्या खोलीत एकटीला राहवत नाही. अब्बा दर जुम्म्याला फोन करून स्थळं सांगतात. उद्या जुम्मा. मी तुझं नाव सांगणार आहे."

"पापलेट कसं दिलं रं?" कुणी गिऱ्हाईक विचारत होतं. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"नाजनीन... जरा विचार कर—"

"तीन आठवडे तेच केलं. साहेबांनी उत्तर नाही दिलं, तरी चालेल मला. तुझं हवंय. सांगू नाव? हो की नाही — बोल ना!"