न आलेला शुक्रवार

"मी आता इथंच राहतो. म्हातारा होईपर्यंत," इनिस म्हणाला आणि सायकलीशेजारी गवतात आडवा झाला.

"ऊठ," त्याची चुलतबहीण मार्सली म्हणाली. पण ती स्वतःही बसलीच. तिचा मोठा भाऊ स्ट्रुअन तर हँडलवर कपाळ टेकून उभ्याउभ्या पेंगत होता. सुट्टीचे नऊच दिवस झाले होते, आणि तिघांचे पाय लाकडाचे झाले होते.

समोरच सायकलवाट होती. जंगलातून सरळ गेलं की वीस मिनिटांत लॉख ड्यूर्न तळ्याचा काठ आणि काठावर एफी आत्याचं चहाचं आणि स्कोनचं, म्हणजे भट्टीतल्या गोडसर पावांचं, दुकान. पण वाटेच्या तोंडाशी पिवळी पाटी होती: 'झाडतोड चालू आहे. आत जाऊ नये.' दुसरी वाट डोंगरावरून, दीड तासाची, आणि चिलटं फुकट. सुट्टीला आत्याकडे राहायला आलेली ही तिघं रोज तीच चढत-उतरत होती. आत्याचा नवरा जन्मभर लाकूडतोडीत होता. अशी पाटी ओलांडून येणाऱ्याला ती चहासुद्धा द्यायची नाही, मग तो भाचा असो की पाहुणा.

त्या पाटीपायीच सायकलवाले येईनासे झाले होते. आत्याकडे मोटारीचा रस्ता नाही, पीठसुद्धा होडीतून येतं. आज सकाळी ती शांतपणे म्हणाली होती, "उद्या शेवटचे स्कोन. मग मी इन्व्हरनेसला बहिणीकडे. दमले रे पोरांनो." घराचं काय, हे विचारायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

"अरे, याला पाय फुटलेत," इनिस पडल्यापडल्या म्हणाला.

"कुणाला?"

"बेडकाच्या पिल्लाला. बघा ना."

झाडतोडीच्या यंत्राच्या चाकानं पाटीखालीच खोल चर पाडला होता. त्यात पाणी साचलेलं, आणि पाण्यात शेपटीवाली, पायवाली पिल्लं वळवळत होती. मार्सलीची झोप उडाली. "पाय फुटायला किती महिने लागतात! म्हणजे वसंतापासून इथून एकही चाक गेलेलं नाही. कोण तोडतंय मग झाडं?"

"पाटी काढून टाकू," इनिस म्हणाला.

"आणि आपण चुकलो असलो तर? कुणाच्या डोक्यात झाड पडेल. ज्यांची आहे त्यांनीच काढायची."

तिघं परत गावात गेले. वनकचेरीतले मिस्टर गेडीस कागदांतून मान वर न करता म्हणाले, "पाटी डूगीची. लावतो तो काढतो." झाडतोडीचा ठेकेदार डूगी यंत्राखालून म्हणाला, "काढू की शुक्रवारी. पण कचेरीनं सांगायला हवं."

"यांच्या टोलवाटोलवीत आत्या जायची इन्व्हरनेसला," स्ट्रुअन वैतागला.

मार्सली विचारात पडली. मग दोघांकडे पुन्हा जाऊन तिनं अगदी गोड आवाजात निरोप दिला: "उद्या अकराला आत्याकडे शेवटचे स्कोन आहेत. नक्की या. फक्त पाटी ओलांडू नका. आत्याचा स्वभाव ठाऊक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता दोन सायकली डोंगरावरून धडपडत उतरल्या. गेडीसांचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता, डूगीचा एक बूट चिखलात राहिला होता. दोघं बाकावर कोसळले.

"रोज लोक... हे... चढतात?" गेडीसांनी विचारलं.

"आता नाही चढत. म्हणूनच तर दुकान बंद होतंय," स्ट्रुअन म्हणाला. मार्सलीनं बेडकांची हकिगत सांगितली.

डूगी बोटांवर मोजू लागला. "दर शुक्रवारी काम थांबलं की आम्ही पाट्या काढतो. इथलं काम संपलं एप्रिलात... बुधवारी. बुधवारीच यंत्र दुसरीकडे नेलं." तो ओशाळला. "या जंगलात आमचा शुक्रवार आलाच नाही."

"आणि मी समजत होतो, पाटी आहे म्हणजे काम चालू आहे," गेडीस पुटपुटले.

"मीही तेच समजले. म्हटलं, यंत्राचा आवाज वाऱ्यानं पलीकडे जात असेल," आत्या म्हणाली. "तीन महिने रिकाम्या जंगलाला भिऊन बसले मी."

गेडीस उठले. "चल डूगी, सरळ वाटेनं." जाताना इनिसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अख्ख्या कचेरीला दिसलं नाही ते तुला दिसलं. शाबास."

"दमलो होतो म्हणून दिसलं. उभा असतो तर नसतं दिसलं," इनिसनं खरं ते सांगितलं.

तासाभरात पाटी आत्याच्या अंगणात आली. डूगीनं ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर खडूनं लिहिलं: 'स्कोन तयार. सरळ या.' आणि वाटेच्या तोंडाशी नेऊन लावली.

चारच्या सुमारास झाडांतून सायकलीची घंटा वाजली. मग दुसरी. पाहता पाहता ताटली रिकामी झाली आणि तिघा पोरांच्या वाट्याला चुरासुद्धा उरला नाही. पण तक्रार करायला जागं होतं कोण? तिघंही बाकावर एकमेकांच्या अंगावर कलंडून झोपले होते.

आत्यानं त्यांच्यावर चादर टाकली, बांधून ठेवलेलं सामान पायानं बाजूला सारलं आणि पीठ चाळायला घेतलं.